राजीनाम्याचे वाङ्मय

'राजीनामा' हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. 'राजी' म्हणजे संतुष्ट, खुशी असलेला. 'नामा' म्हणजे लेख. जुन्या महसुली व्यवहारात रयत आपल्या नावची जमीन सोडी तेव्हा ती राजीनामा लिहून देई, आणि ती जमीन घेणारा कबुलायत लिहून देई. मी हे खुशीने सोडीत आहे, माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही, असा त्या कागदाचा अर्थ. पुढे हाच शब्द नोकरी सोडण्याच्या कागदास लागला आणि त्याबरोबर एक खोटेही त्या कागदास चिकटले. जो मनुष्य कचेरीतील जाचाने, अपमानाने अथवा रोजच्या कुजबुजीने जेरीस येऊन बाहेर पडतो, त्यालाही 'मी राजी आहे' असेच लिहून द्यावे लागते. 'खाजगी कारणामुळे' या दोन शब्दांत किती घरांतील किती रात्रींची झोप पुरली गेली असेल, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

तो हिशेब दप्तरात नसला तरी वाङ्मयात असावयास हवा, अशी अपेक्षा करणे गैर नव्हे. मराठीत प्रेमभंगाचे वाङ्मय आहे, तुरुंगवासाचे आहे, दुष्काळाचे आहे. शिकलेल्या माणसाच्या आयुष्याचा निम्मा जागेपणा ज्या कचेरीत, शाळेत अथवा कारखान्यात जातो, तेथील हवा दूषित झाली असता तो काय करतो, केव्हा निघतो, आणि निघताना काय लिहितो, या प्रश्नाचे वाङ्मय आपल्याकडे कितपत आहे व कोणत्या प्रतीचे आहे, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विचार आम्ही लालबर्रा येथे बसून करीत आहोत, हे सांगणे विषयाला सोडून होणार नाही. बालाघाट जिल्ह्यातील हे गाव १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी ज्या मध्य प्रदेशात होते त्याची राजधानी नागपूर होती. त्या दिवशी नागपूर मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिले. तेव्हापासून इकडे घरात पोवारी वा मराठी, शाळेत हिंदी आणि पोटासाठी नागपूर, अशी अनेक कुटुंबांची वाटणी झालेली आहे. अशा गावातून जो मुलगा अथवा मुलगी नोकरीस जाते, तिच्या पगाराकडे एकटी तीच पाहत नसते. तिच्या शिक्षणासाठी धानाची एखादी बांधी गहाण पडलेली असते; धाकट्या भावंडांची शाळा त्या पगाराच्या भरवशावर ठरलेली असते. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण आजही लोक म्हणतात. परंतु सोयरीक जुळविताना तिचा क्रम उलटा लावतात. नोकरी सोडून घरी आलेल्या माणसास येथे पहिला प्रश्न 'का सोडली?' हा नसतो. 'तुला काढले काय?' हा असतो. आपण होऊन निघणे ही गोष्ट गावाच्या कल्पनेतच बसत नाही. म्हणून राजीनाम्याचे वाङ्मय आम्हांस केवळ रसिकतेचा विषय वाटत नाही. ज्याच्याकडे निघण्यासाठी शब्द नाहीत, तो बहुधा निघतच नाही. आणि निघाला तर आयुष्यभर स्वतःस अपराधी मानीत राहतो.

प्रथम एक भेद स्पष्ट करणे इष्ट आहे. नोकरी सोडणाऱ्या प्रत्येकाची जात एक नसते. एक सोडणे 'कशासाठी तरी' असते, दुसरे 'कशापासून तरी' असते. पहिल्याचे उत्कृष्ट उदाहरण गोमंतकीय वाचकांच्या घरचेच आहे. साखवाळच्या धर्मानंद कोसंबी यांनी 'निवेदन' या १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात आपल्या भटकंतीची जी हकिकत सांगितली आहे, तीत कलकत्ता विद्यापीठातील नोकरी सोडण्याचा प्रसंग आहे. पगार चांगला, विषय आवडीचा, वरिष्ठ अनुकूल. तरीही १९०८ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी देऊ केलेल्या दरमहा पन्नास रुपयांवर त्यांनी ती सोडली, कारण महाराष्ट्रात राहून बौद्ध विद्येचे काम करावे ही त्यांची ओढ होती. हे सोडणे सुंदर आहे, पण ते सोपेही आहे. सोपे या अर्थाने की, सोडणाराच्या डोळ्यांपुढे काहीतरी उजळ दिसत असते. कोसंबींची भाषाही त्यामुळे प्रसन्न राहते. मागे राहिलेल्यांविषयी तीत कडवटपणा नाही, कारण कडवटपणास कारण नाही.

दुसऱ्या जातीचे सोडणे असे नसते. त्यात पुढे काही दिसत नाही. मागचे मात्र असह्य झालेले असते. या जातीचे वाङ्मय लिहिणे अवघड. लिहिणारा एक तर तक्रारखोर ठरतो, नाहीतर भित्रा. या दोन्ही दोषांतून जे लेखन सुटते तेच आमच्या मते टिकण्याच्या योग्यतेचे.

आधुनिक महाराष्ट्रातील राजीनाम्यांचा विचार करू लागले की लोकमान्य टिळकांचा डिसेंबर १८९० मधील राजीनामा सर्वांआधी आठवतो. १ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढले. आगरकर लवकरच येऊन मिळाले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. अल्प वेतनावर आजन्म काम करावयाचे, ही त्या मंडळींची प्रतिज्ञा होती. दहा वर्षांच्या आत त्याच मंडळींत वेतनवाढ, बाहेरची कामे, देणगीचा विनियोग, मताधिक्य अशा प्रश्नांवरून तेढ पडली. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले तेव्हा तेढ विकोपास गेली; आजीव सदस्याने आपला सर्व वेळ संस्थेस द्यावा, असे टिळकांचे म्हणणे होते. अखेर त्यांनी राजीनामा दिला, आणि त्याची कारणे सांगणारे एक दीर्घ इंग्रजी निवेदन संस्थेस सादर केले.

या निवेदनाचा मोठा गुण असा की, ते 'खाजगी कारणा'च्या पडद्याआड लपत नाही. संस्थेचा मूळ हेतू काय होता, त्यापासून ती कोठे व कशी ढळली, हे ते क्रमाने मांडते. मतभेद व्यक्तींत उत्पन्न झाले असले तरी त्यांचे मूळ तत्त्वात आहे, असे दाखविण्याचा त्यात कसोशीचा प्रयत्न आहे. राजीनामा हा संस्थेच्या इतिहासाचा एक प्रकरणवजा लेख होऊ शकतो, हे त्याने सिद्ध केले.

परंतु त्यातील उणीवही त्याच गुणातून निघते. ते एका वकिलाचे निवेदन आहे. त्यात बाजू आहे, माणूस थोडा आहे. ज्या मित्रांबरोबर तारुण्यातील रात्री जागून स्वप्ने पाहिली, त्यांच्याबरोबर एका खोलीत बसणे नकोसे व्हावे, या अनुभवात जे दुःख आहे, ते तर्काच्या शिस्तीखाली दबून जाते. शिवाय वाचकाच्या मनात एक प्रश्न उरतोच. 'केसरी'चा व्याप सांभाळणाऱ्याने इतरांच्या बाहेरच्या कामांस हरकत घ्यावी काय? या प्रश्नास टिळकांच्या पक्षाकडे उत्तर नव्हते असे नाही. पण असल्या निवेदनात स्वतःविरुद्धचा प्रश्न जितका मोकळेपणाने घेतला जाईल तितके ते अधिक विश्वसनीय होते. आणि हेही विसरता येत नाही की, जे मागे राहिले त्यांनी संस्था बुडविली नाही. आगरकर १८९२ साली प्राचार्य झाले व १८९५ साली मृत्यू येईपर्यंत त्या पदावर होते. गोखले १९०२ पर्यंत तेथे शिकवीत राहिले. निघणारा खरा होता म्हणून राहणारे खोटे ठरत नाहीत. राजीनाम्याच्या वाङ्मयाचे मूल्यमापन करताना हे सूत्र हाताशी ठेवावे लागते.

टिळकांजवळ राजीनामा लिहिण्यास कागद होता, तो वाचण्यास सभा होती, आणि निघाल्यावर उभे राहण्यास वर्तमानपत्र होते. यांपैकी काहीच नसलेल्या माणसाचे काय होते, याचे उत्तर ज्या लेखनात मिळते ते मराठीत लिहिलेले नाही. पण ते महाराष्ट्राच्या अनुभवाचे आहे आणि राजीनाम्याच्या वाङ्मयातील सर्वश्रेष्ठ लेखन म्हणून आम्ही त्याकडे बोट दाखवू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३५-३६ च्या सुमारास 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने काही आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या. त्या त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाल्या नाहीत; १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्यांची पुस्तिका काढली. वीसएक पानांचा हा मजकूर आहे.

त्यातील बडोद्याचे प्रकरण असे. बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर १९१३ साली अमेरिकेस गेले, कोलंबिया विद्यापीठात शिकले, पुढे लंडनलाही गेले. त्या शिष्यवृत्तीच्या करारानुसार त्यांना दहा वर्षे बडोद्याची नोकरी करावयाची होती. १९१७ साली ते तेथे रुजू झाले. गावात कोणी खोली देईना. एका पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव नोंदवून राहिले. वरच्या मजल्यावरची अंधारी, अडगळीने भरलेली जागा. सोबतीस कोणी नाही. सकाळी कचेरीस जावे, रात्री परतावे. अकराव्या दिवशी हातांत काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी जिना चढून आले, आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम झाला. एक हिंदू मित्र व एक ख्रिस्ती मित्र, दोघांकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही आपापल्या घरची अडचण सांगितली. रात्रीच्या गाडीपर्यंतचे पाच तास त्यांनी कामाठी बागेत काढले, आणि मुंबईची गाडी धरली.

या लेखनाची तीन वैशिष्ट्ये आम्हांस दिसतात. पहिले असे की, यात कचेरीचे वर्णन जवळजवळ नाहीच. कचेरीतील शिपाई विटाळाच्या भीतीने कागदपत्रे दुरून टेबलावर फेकीत, हे आपणांस चरित्रकार सांगतात. स्वतः आंबेडकर मात्र सारा भर धर्मशाळेवर देतात. वरवर पाहता हा विषयाचा तोल गेल्यासारखा वाटेल. पण यातच त्यांची मर्मदृष्टी आहे. नोकरी म्हणजे टेबल आणि खुर्ची नव्हे. नोकरीला रात्री पाठ टेकण्याची जागा लागते, दुपारी पिण्याचे पाणी लागते, रस्त्याने निर्धास्त चालता यावे लागते. कचेरीतील हवा ही गावाच्या हवेहून निराळी नसते. साहेबाने उदारपणाने नेमणुकीचा हुकूम काढला तरी त्या हुकुमाला गावात कोणी विचारीत नाही. नेमणूक महाराजांची आणि हकालपट्टी समाजाची, असा तो प्रकार आहे. ज्या सयाजीरावांच्या पन्नास रुपयांनी कोसंबींस मोकळे केले, त्यांच्याच राजधानीत त्यांच्याच शिष्यवृत्तीधारकास अकरा दिवसांवर टिकता आले नाही. एका उदार धन्याने संस्था निर्विष होत नाही, याहून स्पष्ट पुरावा तो कोणता?

दुसरे वैशिष्ट्य भाषेचे. ज्या माणसाने पुढे इतके तेजस्वी व प्रक्षोभक लिहिले, तो येथे विशेषणे जवळजवळ वापरीत नाही. रक्कम, वेळ, अंतर, कोण काय बोलले, हे तो एखाद्या पंचनाम्यासारखे नोंदवितो. स्वतःच्या अश्रूंची नोंदही त्याच स्वरात. मित्रांनी नकार दिला तो त्यांच्या तोंडी जसा होता तसा ठेवला आहे. त्यावर शेरा नाही. त्यामुळे वाचकास रागावण्याची सोय राहत नाही, विचारच करावा लागतो. हे मित्र दुष्ट नव्हते. ते सभ्य होते, आणि म्हणूनच भयंकर वाटतात. कोणत्याही दूषित कचेरीत असे सभ्य लोकच अधिक असतात. त्रास देणारे दोन असतात, 'आमचा नाइलाज आहे' म्हणणारे वीस असतात.

तिसरे वैशिष्ट्य आमच्या मते सर्वांत मोलाचे आहे, आणि त्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. आंबेडकर स्वतःच्या हकिकतीवर थांबत नाहीत. त्याच मजकुरात पुढे गुजरातेतील एका भंगी समाजातील तरुणाची हकिकत येते. १९३६ साली त्याची बोरसद तालुक्यातील मामलेदार कचेरीत तलाठ्याच्या जागी नेमणूक झाली. कारकून त्याला दूर उभा करी, बसावयास खुर्ची नाही, पाणी प्यावयाचे तर गंजलेल्या वेगळ्या भांड्यातून आणि तेही वाढणारा हजर असेल तेव्हा. गावात घर मिळेना. अखेर जिवावर बेतले तेव्हा तो रजा घेऊन पळून आला. मजकूर येथे संपतो. समारोप नाही, उपदेश नाही. म्हणजे काय झाले? ज्याच्याजवळ कोलंबियाची पदवी होती तो एकोणीस वर्षांपूर्वी बडोद्याहून निघाला. ज्याच्याजवळ व्हर्नाक्युलर फायनल होती तो एकोणीस वर्षांनंतर बोरसदहून निघाला. दोघांस हाकलणारा हात एकच. आपले निघणे ही आपली शोकांतिका नव्हे, ती एका रांगेतील एक जागा आहे, असे येथे लेखक सुचवितो. टिळकांच्या निवेदनात 'मी' आणि 'ते' आहेत. येथे 'मी' आणि 'माझ्यासारखा आणखी एक' आहेत. राजीनाम्याचे लेखन कैफियतीतून वाङ्मयात जाते ते या ठिकाणी.

या लेखनाशेजारी आंबेडकरांचाच दुसरा राजीनामा ठेवून वाचण्यासारखा आहे. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी केंद्रीय मंत्रिमंडळातील कायदेमंत्रिपद सोडले. ऑक्टोबरमध्ये सभागृहात हव्या त्या वेळी निवेदन करू दिले गेले नाही तेव्हा ते बाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांकडे गेले. १९१७ साली ज्याला कागद नव्हता त्याच्या हाती आता सर्व देश वाचील असा कागद होता. त्यात तो कारणे एकामागून एक मांडतो: नियोजनाचे खाते मिळाले नाही, मंत्रिमंडळाच्या महत्त्वाच्या समित्यांवर घेतले गेले नाही, अनुसूचित जातींकडे दुर्लक्ष, परराष्ट्रधोरण, आणि हिंदू कोड बिलाची झालेली परवड. मंत्रिमंडळ म्हणजे इतरत्र झालेल्या निर्णयांची नोंद करणारी कचेरी झाली आहे, अशा आशयाची त्यांची तक्रार आहे. पाच वर्षांनी, जुलै १९५६ मध्ये, चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडले तेव्हा त्यांच्याही बोलण्यात निर्णय मंत्रिमंडळास न विचारता झाल्याचा सल होता. म्हणजे हा दोष एका माणसाच्या तक्रारखोरपणाचा नव्हता.

पण १९५१ च्या निवेदनात आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते ते निराळेच. निघण्याचा विचार पुष्कळ दिवस मनात होता, केवळ हिंदू कोड त्या संसदेत मंजूर होईल या आशेवर आपण थांबलो, असे ते सांगतात. राजीनाम्यात 'मी का जातो' हे सारेच लिहितात. 'मी इतके दिवस का थांबलो' हे लिहिणारा विरळा. थांबण्याचे कारण सांगितल्याशिवाय निघण्याच्या कारणास वजन येत नाही. दूषित जागी मनुष्य थांबतो तो नेहमीच भेकडपणाने थांबतो असे नाही. हातचे एक काम पुरे व्हावे, मागे कोणी निराधार होऊ नये, म्हणूनही तो थांबतो. ते काम होण्याची आशा संपली की थांबण्याचा करारही संपला. हिंदू कोड पुढे १९५५ व १९५६ साली तुकड्या-तुकड्यांनी कायद्यात उतरले, तेव्हा हा मनुष्य मंत्रिमंडळात नव्हता. निघणाऱ्याचे काम निघाल्यावरही होऊ शकते, हे खरे; परंतु ते होईलच अशी हमी निघताना कोणालाच नसते.

आता ललित वाङ्मयाकडे वळू. भालचंद्र नेमाडे यांची 'बिढार' (१९७५), 'हूल' (१९७५), 'जरीला' (१९७७) व 'झूल' (१९७९) ही कादंबरीचतुष्टयी म्हणजे मराठीतील नोकरी सोडण्याचे महाकाव्यच म्हणावयाचे. इंग्रजीचा अध्यापक चांगदेव पाटील एका गावच्या महाविद्यालयातून दुसऱ्या गावच्या महाविद्यालयात जातो, तेथून तिसऱ्या. संस्थाचालकांची मर्जी, जातवार गट, प्राध्यापकांच्या खोल्यांतील खलबते, परीक्षेच्या कामातील लांड्यालबाड्या, भाड्याच्या खोलीचे उपरेपण, हे सारे त्यात इतक्या तपशिलाने येते की, त्या काळच्या महाराष्ट्रातील शिक्षणसंस्थांचा अभ्यास करणाऱ्यास ही पुस्तके बाजूस सारता येणार नाहीत. बिढार म्हणजे पाठीवरचा संसार. झूल म्हणजे बैलाच्या पाठीवरची सजावट. नोकरीतील माणूस या दोन ओझ्यांत सापडलेला असतो: एक त्याचे स्वतःचे, दुसरे त्याच्यावर इतरांनी शोभेसाठी घातलेले.

चांगदेव हा पळपुटा आहे, असा आक्षेप घेतला जातो. जेथे लढावयाचे तेथून तो निघून जातो, असे आक्षेपकांचे म्हणणे. हा आक्षेप आम्हांस निम्मा मान्य नाही आणि निम्मा मान्य आहे. मान्य नाही तो अशासाठी की, जेथे लढण्याची रणभूमीच संस्थाचालकाच्या अंगणात आहे आणि पंचही त्याच्याच पंक्तीला जेवणारे आहेत, तेथे न लढणे हा भ्याडपणा नव्हे. शिवाय प्रत्येक गावी तोच प्रकार पुन्हा घडताना दाखवून कादंबरीकाराने एक गोष्ट सिद्ध केली आहे: दोष त्या एका कॉलेजचा नाही. पहिल्या राजीनाम्यानंतर वाचकाला वाटते, नायक तिरसट आहे. तिसऱ्या वेळी त्याला वाटू लागते की व्यवस्थाच तशी आहे. कादंबरीच्या लांबीचे हे समर्थन पुरेसे आहे.

मान्य आहे तो निराळ्या कारणाने. चांगदेव निघतो तेव्हा त्याच्या हाती एम. ए. ची पदवी असते आणि कोठेतरी एखादे नवे कॉलेज निघत असते. त्याचे निघणे त्या काळाच्या विस्ताराने शक्य झालेले आहे. त्याच कॉलेजातला प्रयोगशाळेचा नोकर, ग्रंथालयातला कारकून, चार मुलांचा बाप असलेला दुय्यम अध्यापक यांना ती सोय नाही. हे लोक कादंबरीत बहुधा चांगदेवाच्या वैतागलेल्या नजरेतून दिसतात. ते का थांबले आहेत हे त्यांच्या तोंडून क्वचितच ऐकू येते. न निघू शकणाऱ्याची बाजू नसली की निघणे हे थोडेसे चैनीसारखे भासू लागते. आंबेडकरांनी वीस पानांत बोरसदच्या तलाठ्यास जागा दिली. चार कादंबऱ्यांत त्याच्या जातकुळीचा मनुष्य आतून दिसू नये, ही उणीव लहान नाही. नेमाड्यांनी पुढे गोवा विद्यापीठातही अध्यापन केले, आणि गोव्याच्या वाचकांस त्यांच्या उपरेपणाच्या जाणिवेचा परिचय आहे. म्हणून त्यांच्याविषयीची ही अपेक्षा आम्ही निःसंकोचपणे नोंदवितो.

आणखी एक उणीव एका लेखकाची नसून आपणा सर्वांची आहे. नोकरी करणाऱ्या स्त्रीचा राजीनामा आपल्या वाङ्मयात जवळजवळ नाहीच. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने विशाखा प्रकरणी निकाल दिला, २०१३ साली कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला, २०१९ साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने कामाच्या जगातील हिंसा व छळ यांविरुद्ध करार संमत केला. कायद्याने शब्द दिले, समित्या दिल्या. परंतु तक्रार करावी की मुकाट्याने निघावे, निघाल्यावर घरी काय सांगावे, 'तुझेच काही चुकले असेल' या वाक्यास काय उत्तर द्यावे, या प्रश्नांचे वाङ्मय कायदा लिहीत नाही. लालबर्राहून नागपुरास नोकरीस गेलेली मुलगी जेव्हा सणाला घरी येते आणि परत जाण्याच्या आदल्या रात्री तिला झोप येत नाही, तेव्हा तिच्या उशाशी ठेवावे असे पुस्तक आम्हांस मराठीत सुचत नाही. कोकणीत तसे कोणी लिहिले असेल तर याच नियतकालिकाच्या वाचकांनी ते आमच्या नजरेस आणावे, ही विनंती.

येथे एक शंका संभवते. वाङ्मयाने असले व्यावहारिक सल्ले द्यावेत काय? आमचे म्हणणे तसे नाही. वाङ्मयाने 'निघ' असेही सांगू नये आणि 'थांब' असेही सांगू नये. पण निर्णय घेणाऱ्यास स्वतःचा निर्णय नीट पाहता यावा इतका प्रकाश त्याने द्यावा. वरील चार-पाच लेखांवरून असा प्रकाश देणाऱ्या लेखनाच्या तीन कसोट्या आम्हांस सांगता येतात. दोष व्यक्तीचा की संस्थेचा, हे त्यात तपासलेले असावे. टिळकांच्या निवेदनाचे बळ ते आहे. आपण आजवर का थांबलो हे त्यात प्रामाणिकपणे सांगितलेले असावे. १९५१ च्या निवेदनाची थोरवी ती आहे. आणि आपल्यामागे त्या जागी कोण उरले, आपल्यानंतर त्या खुर्चीवर कोण बसणार, याची आठवण त्यात असावी. ही कसोटी फक्त 'व्हिसा'च्या अपुऱ्या पानांनाच पुरती उतरते.

या कसोट्या लेखनाच्या असल्या तरी जगण्यासही त्या निरुपयोगी नाहीत. ज्या गावात धानाची बांधी गहाण ठेवून मुले शिकविली जातात, तेथे 'मानासाठी लाथ मार' हा उपदेश बेजबाबदारपणाचा आहे. आणि 'पोटासाठी सोस' हा उपदेश त्याहून वाईट, कारण तो मुलाला विकून बांधी सोडविण्याचा सल्ला आहे. दोष माणसाचा असेल तर बदलीने, तक्रारीने, काळाने तो दूर होण्याचा संभव असतो. दोष जागेचाच असेल, आणि थांबण्याचे जे कारण होते ते सरले असेल, तर निघणे हा पराभव नव्हे. घरच्यांनी त्याचा हिशेब पगाराच्या आकड्याने करू नये. बडोद्याहून रात्रीच्या गाडीने परतलेला माणूस हा त्या दिवशी कोणाच्याही हिशेबी नोकरी गमावलेला, शिष्यवृत्तीचे ऋण डोक्यावर असलेला एक सव्वीस वर्षांचा बेकार होता. इतिहासाने पुढे काय केले हे आपणांस ठाऊक आहे म्हणून आपण ते विसरतो. त्याचे निघणे योग्य होते ते पुढे तो मोठा झाला म्हणून नव्हे. त्या संध्याकाळी ते योग्य होते म्हणून. बोरसदचा तलाठी पुढे मोठा झाला नाही. त्याचे निघणेही तितकेच योग्य होते, आणि मराठी समीक्षेने जर राजीनाम्याच्या वाङ्मयाचा कधी विचार केलाच, तर त्या दोघांस एकाच पानावर ठेवणाऱ्या लेखकापासून तिने सुरुवात करावी.